वाद्याची आवृत्ती आणि वाद्याचा इतिहास : हार्डवेअर सिंथेसायझरमधील फर्मवेअर-बदलांचा ऐतिहासिक अभ्यास (१९७८ ते २०२२)

सारांश

१९७८ मध्ये प्रॉफेट-५ या सिंथेसायझरात सूक्ष्मप्रक्रियक बसविण्यात आला आणि वाद्याच्या वर्तनाचा काही भाग तारा-चकत्यांच्या मंडलातून निघून आज्ञावलीत गेला. त्यानंतरच्या चार दशकांत ही आज्ञावली आधी चिप बदलून, नंतर फ्लॉपीवरून आणि पुढे मिडी व यूएसबीच्या तारेतून बदलता येऊ लागली. विकत घेतलेल्या वाद्याला नवी वैशिष्ट्ये मिळणे त्यामुळे शक्य झाले. त्याचबरोबर वाद्याचे आयुष्य, त्यावरील मालकी आणि त्याच्या इतिहासाची साधने यांसंबंधी नवे प्रश्नही उभे राहिले. प्रस्तुत लेखात सिक्वेन्शियल कंपनीचे प्रॉफेट-६००, ॲक्सेस कंपनीचे व्हायरस आणि म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्सचे श्रुती-१ या तीन वाद्यांच्या आधारे या बदलाचा मागोवा घेतला आहे. अशा वाद्याचा अभ्यास करताना ग्रंथाप्रमाणेच त्याची आवृत्ती नोंदविणे अपरिहार्य आहे आणि आज्ञावलीचे जतन झाल्याखेरीज वाद्याचे जतन पूर्ण होत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सिंथेसायझर, फर्मवेअर, मिडी, आवृत्ती, पाठभेद, श्रुती, जतन

१. प्रस्तावना

वाद्याच्या इतिहासाचे लेखन करताना अभ्यासक सामान्यतः त्याचा आकार, त्यासाठी वापरलेली सामग्री, बनविणारा कारागीर, वादनतंत्र आणि त्या वाद्यासाठी निर्माण झालेले संगीत या बाबींचा विचार करतो. वाद्य एकदा तयार झाले की ते बहुतांशी तसेच राहते, असे या पद्धतीत गृहीत असते. तंबोऱ्याची जवारी काढली जाते, हार्मोनियमचे सूर पुन्हा लावले जातात. परंतु हे बदल कारागिराच्या हातून, मालकाच्या डोळ्यांसमोर आणि वाद्यावर दिसेल अशा रीतीने होतात. मिरजेच्या कारागिराने घोडी घासली की तिच्यावर कानशीचा माग उरतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस लोकप्रिय झालेल्या हार्डवेअर सिंथेसायझरला हे गृहीतक लागू पडत नाही. एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी बाहेर पडलेली, बाहेरून तंतोतंत सारखी दिसणारी दोन वाद्ये वेगवेगळी वागू शकतात. कारण त्यांच्या आत असलेली आज्ञावली वेगवेगळ्या आवृत्तीची असते. हा फरक लाकडावर, धातूवर किंवा कळपट्टीवर कोठेही उमटत नाही. वाद्य सुरू करताना क्षणभर पडद्यावर झळकणारा आवृत्तिक्रमांक हीच बहुधा त्याची एकमेव खूण असते.

हा बदल कसा घडला, त्याने वादकाला काय दिले व त्याच्याकडून काय काढून घेतले आणि संगीताच्या इतिहासकाराने त्याची दखल कशी घ्यावी, या प्रश्नांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी सिंथेसायझरांचा समग्र इतिहास सांगण्याऐवजी निवडक उदाहरणांचा आधार घेतला आहे.

२. फर्मवेअर : संकल्पना

'फर्मवेअर' हा शब्द ॲशर ऑपलर यांनी १९६७ मध्ये 'डेटामेशन' या नियतकालिकातील लेखात प्रथम वापरला. यंत्राचे घट्ट, न बदलणारे अंग म्हणजे हार्डवेअर आणि सहज बदलता येणारी आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर. या दोहोंच्या मधला थर त्यांना अभिप्रेत होता. पुढे यंत्राच्या आतील स्मृतीत कायमस्वरूपी साठविलेली आणि यंत्र सुरू होताच आपोआप चालू लागणारी आज्ञावली असा या शब्दाचा अर्थ रूढ झाला.

ही आज्ञावली किती 'घट्ट' आहे, हे ती ज्या स्मृतीत साठविली जाते तिच्यावर अवलंबून असते. कारखान्यातच कोरलेली रॉम बदलता येत नाही. १९७१ मध्ये इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी विकसित केलेली ईप्रॉम ही चिप अतिनील किरणांखाली धरून पुसता येते व पुन्हा लिहिता येते. त्यासाठी तिच्या माथ्यावर काचेची छोटी खिडकी असते. १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी मांडलेली फ्लॅश स्मृती मात्र चिप जागेवरून न हलविता विद्युतसंकेतांनीच पुसता व लिहिता येते. सिंथेसायझरमधील फर्मवेअरचा इतिहास हा मुख्यतः या तीन स्मृतींच्या क्रमाने घडलेला इतिहास आहे.

३. स्मृतीपूर्व वाद्य आणि प्रॉफेट-५

रॉबर्ट मूग यांच्या कंपनीने १९७० मध्ये आणलेल्या मिनिमूग या वाद्यात आज्ञावली नव्हती. ऑसिलेटर स्वर निर्माण करी, फिल्टर त्यातील काही कंप्रता कमी करी आणि एन्व्हलप हे मंडल स्वराचा उठाव, स्थिरता व विराम ठरवी. हे सारे विद्युतदाबांच्या चढउतारांवर चाले. वादकाला आवडलेला नाद पुन्हा मिळवायचा असेल, तर प्रत्येक खुंटीची जागा कागदावर टिपून ठेवणे एवढाच मार्ग होता.

डेव्ह स्मिथ यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे स्थापन केलेल्या सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीने जानेवारी १९७८ मध्ये प्रॉफेट-५ सादर केले. स्मिथ आणि त्यांचे सहकारी जॉन बोवेन यांच्या या वाद्यात पाच स्वर एकाच वेळी वाजविता येत आणि चाळीस नाद स्मृतीत साठविता येत. त्यासाठी झिलॉग कंपनीचा झेड-८० हा सूक्ष्मप्रक्रियक वापरला होता. नाद मंडलेच निर्माण करीत. परंतु कोणती खुंटी कोठे आहे हे वाचणे, ते स्मृतीत ठेवणे, दाबलेली कळ कोणत्या स्वरमंडलाकडे पाठवायची हे ठरविणे आणि ऑसिलेटर सुरात आणणे ही कामे आज्ञावलीकडे गेली. वाद्याच्या वर्तनाचा एक भाग अशा रीतीने प्रथमच लिखित झाला.

प्रॉफेट-५ च्या तीन आवृत्त्या निघाल्या. पहिल्या दोन आवृत्त्यांत एसएसएम कंपनीच्या व तिसऱ्या आवृत्तीत कर्टिस कंपनीच्या नादचिपा होत्या. या आवृत्त्यांच्या नादातील भेदाविषयी वादकांत आजही चर्चा चालते. हा भेद मुख्यतः मंडलांचा असल्याने वाद्य उघडून चिपांवरील अक्षरे वाचली की त्याचा निर्णय लागतो.

याच सुमारास मुंबईत झालेल्या एका ध्वनिमुद्रणाचा येथे उल्लेख करणे उपयुक्त ठरेल. चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. तीत रोलँड कंपनीचे ज्युपिटर-८ हे सिंथेसायझर, टीबी-३०३ हे खर्जयंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र वापरले होते. त्या वेळी दुर्लक्षित राहिलेली ही ध्वनिमुद्रिका २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभर चर्चिली गेली. त्या चर्चेत अभ्यासकांना एक गोष्ट सहज साध्य झाली. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय कशी आहे, ती रागांच्या आरोह-अवरोहाला कशी जुळते, हे त्यांना उपलब्ध कोणत्याही मूळ टीबी-३०३ वर तपासता आले. १९८२ चे यंत्र आणि २०१० चे तेच यंत्र यांचे वर्तन एकच होते. पुढील पिढीतील वाद्यांबाबत एवढी खात्री देता येत नाही.

४. चिप आणि चकती : बदलाचे पहिले मार्ग

१९८० च्या दशकात आज्ञावलीत सुधारणा करायची झाल्यास वाद्याचे झाकण उघडून ईप्रॉम उपटावी लागे व नवी बसवावी लागे. हे काम दुरुस्ती केंद्रातील तंत्रज्ञ करी. कंपन्यांच्या दृष्टीने ही मुख्यतः दोषदुरुस्ती होती. चिपवरील कागदी पट्टीवर आवृत्तिक्रमांक लिहिलेला असे. म्हणजे बदलाचा भौतिक पुरावा वाद्यातच राहत असे.

मूळ निर्मात्याखेरीज इतरांनीही वाद्याची आज्ञावली बदलावी, ही कल्पना याच काळातली आहे. यामाहा कंपनीचे डीएक्स-७ हे सिंथेसायझर १९८३ मध्ये बाजारात आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांच्या कंप्रता-अधिमिश्रण पद्धतीवर आधारलेले हे वाद्य अतिशय खपले. परंतु त्याची मिडी-सोय अगदी प्राथमिक होती आणि ते केवळ एकाच वाहिनीवरून संदेश पाठवू शके. ग्रे मॅटर रिस्पॉन्स या अमेरिकी कंपनीने डीएक्स-७ च्या आत बसविण्यासाठी 'ई!' नावाचा स्वतंत्र फलक विकण्यास आरंभ केला. त्याने वाद्याची स्मृती वाढली व मूळ कंपनीने न दिलेल्या अनेक सोयी त्यात आल्या. वादकाने विकत घेतलेले वाद्य तिसऱ्याच कोणाच्या आज्ञावलीवर चालू शकते, हे यातून स्पष्ट झाले.

एन्सॉनिक कंपनीच्या मिराज या १९८४ च्या वाद्याने वेगळा मार्ग धरला. या वाद्याची कार्यप्रणाली साडेतीन इंची फ्लॉपी चकतीवर होती आणि प्रत्येक वेळी वाद्य सुरू करताना ती चकतीवरून वाचली जाई. नवी आवृत्ती हवी असेल तर नवी चकती घालावी, एवढाच सोपस्कार होता. ध्वनिनमुने बारकाईने तयार करण्यासाठी 'मासॉस' नावाची निराळी कार्यप्रणालीही कंपनीने दिली. चकती बदलली की तेच यंत्र निराळे काम करू लागे. मात्र चकती हरवली किंवा तिला बुरशी लागली की मिराज मुके होत असे. वाद्याचे जतन आणि आज्ञावलीचे जतन या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, याचा हा पहिला ठळक धडा होय.

५. मिडीच्या तारेतून आलेली आवृत्ती

जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे भरलेल्या वाद्यविक्रेत्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे एक सिंथेसायझर एका तारेने जोडून वाजविण्यात आले. स्पर्धक कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकतात, हे त्या प्रात्यक्षिकाने सिद्ध केले. ऑगस्ट १९८३ मध्ये मिडी १.० हे मानक प्रसिद्ध झाले. त्यामागील प्रयत्नांबद्दल डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.

मिडीमध्ये 'सिस्टम एक्सक्लूझिव्ह' नावाचा एक संदेशप्रकार आहे. प्रत्येक निर्मात्याला एक ओळखक्रमांक देऊन त्यापुढील मजकूर त्याने हवा तसा वापरावा, अशी मुभा त्यात आहे. ही सोय मुख्यतः नादांची देवाणघेवाण करण्यासाठी होती. फ्लॅश स्मृती स्वस्त झाल्यावर १९९० च्या दशकात याच मार्गाने संपूर्ण फर्मवेअर वाद्यात पाठविता येऊ लागले.

ही प्रक्रिया संथ होती. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट असून प्रत्येक अक्षरखंडाला दहा बिट लागतात; म्हणजे सेकंदाला ३,१२५ अक्षरखंड जातात. शिवाय मिडीत प्रत्येक खंडातील सातच बिट माहितीसाठी मोकळे असतात. या हिशेबाने ५१२ किलोबाइटची आज्ञावली पाठविण्यास तीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. त्या अवधीत वीज गेली किंवा तार निसटली, तर अर्धी जुनी व अर्धी नवी आज्ञावली राहून वाद्य सुरू होईनासे होण्याचा धोका असे. म्हणून बहुतेक निर्माते स्मृतीचा एक छोटा भाग कधीही न पुसला जाणारा ठेवतात. बाकी सर्व बिघडले तरी नवी आज्ञावली स्वीकारण्यापुरते भान वाद्याला तेथून मिळते.

तंत्रज्ञ, दुरुस्ती केंद्र आणि झाकण उघडणे यांची गरज संपल्यावर सुधारणेचे स्वरूपही पालटले. दोषदुरुस्तीसाठी निघणारी आवृत्ती आता नव्या वैशिष्ट्यांची वाहक बनली. खरेदीच्या दिवशी वाद्यात जे नव्हते ते पुढे विनामूल्य मिळेल, अशी अपेक्षा ग्राहकांत रुजली. आणि अपूर्ण वाद्य बाजारात आणून उणिवा नंतर भरून काढण्याची सवडही कंपन्यांना मिळाली. या दोन्ही बाजू पुढील उदाहरणांत दिसतात.

६. प्रॉफेट-६०० : मंडल जुने, आज्ञावली नवी

मिडीच्या इतिहासात मानाचे स्थान असलेले प्रॉफेट-६०० वाद्य म्हणून मात्र काहीसे कमी लेखले गेले. किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी त्यात एन्व्हलप आणि मंद आंदोलने स्वतंत्र मंडलांकडून न करविता झेड-८० कडूनच करून घेतली होती. एकाच प्रक्रियकाने कळपट्टी वाचायची, खुंट्या वाचायच्या, मिडी सांभाळायची आणि सहा स्वरांचे एन्व्हलपही मोजायचे, अशी ती रचना होती. परिणामी एन्व्हलप मंदावलेले वाटत आणि खुंटी फिरविताना नाद सलग न बदलता पायऱ्यापायऱ्यांनी बदलल्याचे ऐकू येई. कर्टिस कंपनीच्या चिपांवर आधारलेली नादमंडले चांगली होती. उणीव आज्ञावलीत व तिला चालविणाऱ्या प्रक्रियकात होती.

सिक्वेन्शियल कंपनी १९८७ मध्ये बंद पडली व तिची मालमत्ता यामाहाकडे गेली. सुधारणा करणारे कोणीच उरले नाही. पुढील पाव शतक प्रॉफेट-६०० तसेच राहिले.

२०१४ च्या सुमारास 'ग्लिग्ली' या टोपणनावाने काम करणाऱ्या एका फ्रेंच तंत्रज्ञाने या वाद्यासाठी पूर्णपणे नवे फर्मवेअर लिहिले. खोबणीतून झेड-८० काढून तेथे टीन्सी++ नावाचा लहानसा, स्वस्त फलक बसवायचा, एवढाच हार्डवेअरमधला बदल होता. नव्या आज्ञावलीने एन्व्हलप वेगवान झाले, खुंट्यांच्या बदलातील पायऱ्या नाहीशा झाल्या, आंदोलनांचे नवे आकार आले आणि मिडीचे वर्तन सुधारले. पुढील आवृत्त्या तर मिडीच्या तारेवरूनच पाठविता येऊ लागल्या. या आज्ञावलीची मूळ संहिता मुक्त परवान्याखाली खुली ठेवल्याने इतरांनाही तिच्यात भर घालता आली.

या घटनेचे महत्त्व दुहेरी आहे. निर्माता नाहीसा झाल्यावरही वाद्य विकसित होऊ शकते, हे तिने दाखविले. त्याचबरोबर प्रॉफेट-६०० चा 'मूळ' नाद कोणता, हा प्रश्नही तिने निर्माण केला. १९८३ च्या ध्वनिमुद्रणांत जो किंचित सुस्त उठाव ऐकू येतो तो आज्ञावलीचा परिणाम होता. आज बाजारात मिळणाऱ्या, नवे फर्मवेअर असलेल्या प्रतीवर तो ऐकू येईलच असे नाही. जुना झेड-८० जपून ठेवला असेल तरच पूर्वस्थिती पुन्हा आणता येते. मराठीच्या अभ्यासकांना हा प्रश्न अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या पाठांत शिरलेले फरक पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठशुद्धी केली, ही परंपरा आपल्याला ठाऊक आहे. शुद्ध झालेल्या पाठाचे मोल मान्य करूनही पाठचिकित्सक जुन्या पोथ्या टाकून देत नाहीत. तोच विवेक येथेही अपेक्षित आहे.

येथे हेही नमूद केले पाहिजे की यामाहाने २०१५ मध्ये 'सिक्वेन्शियल' हे नाव डेव्ह स्मिथ यांना परत दिले. २००२ पासून स्वतःच्या नावाने चालविलेल्या कंपनीला त्यांनी २०१८ मध्ये ते पुन्हा दिले. २०२० मध्ये प्रॉफेट-५ ची चौथी आवृत्ती निघाली. २०२१ मध्ये कंपनी फोकसराइट समूहात सामील झाली आणि २०२२ मध्ये स्मिथ यांचे निधन झाले.

७. व्हायरस : आज्ञावली जुनी, मंडल नवे

जर्मनीतील ॲक्सेस म्युझिक या कंपनीचे व्हायरस १९९७ मध्ये आले. ख्रिस्टोफ केंपर यांच्या या वाद्यात नाद निर्माण करणारी प्रत्यक्ष मंडले नव्हती. मोटोरोला कंपनीच्या ५६३०० कुलातील अंकीय संकेतप्रक्रियक सारे नाद गणिताने तयार करी. ऑसिलेटर, फिल्टर आणि एन्व्हलप ही तिन्ही आता आज्ञावलीची अंगे झाली. अर्थात आज्ञावली बदलली की नादही बदलू शकत होता.

ॲक्सेसने या शक्यतेचा पुरेपूर उपयोग केला. व्हायरसच्या नव्या आवृत्त्या मिडीच्या तारेतून व विनामूल्य दिल्या जात. २००५ मध्ये आलेल्या व्हायरस टीआय या पिढीला पुढील काही वर्षांत नव्या प्रकारचे ऑसिलेटर आणि ध्वनीचे तुकडे करून त्यांची पुनर्मांडणी करणारे 'ॲटमायझर' हे साधन फर्मवेअरद्वारेच मिळाले. ज्याने २००५ मध्ये पैसे मोजले त्याच्या हाती काही वर्षांनी बरेच समृद्ध वाद्य होते. ग्राहकाचे समाधान आणि कंपनीची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी त्यातून साधल्या गेल्या.

परंतु अशी समृद्धी निर्मात्याच्या इच्छेवर व अर्थकारणावर अवलंबून असते. २०११ मध्ये केंपर यांनी गिटारवादकांसाठी प्रोफायलर हे यंत्र आणले आणि त्यांचे लक्ष तिकडे गेले. २०१० च्या दशकात व्हायरसला नवी वैशिष्ट्ये मिळणे थांबले. टीआयची खास ओळख असलेला संगणकाशी थेट जोड देणारा भाग तर संगणकांच्या बदलत्या कार्यप्रणालींवर अवलंबून होता. त्यांच्यापुढे तो हळूहळू जुना पडत गेला. नाद निर्माण करणारे वाद्य सुस्थितीत आणि त्याचा एक अवयव मात्र निकामी, अशी ही अवस्था होती.

यापुढील घडामोड प्रॉफेट-६०० च्या नेमकी उलट आहे. काही हौशी तंत्रज्ञांनी ५६३०० या प्रक्रियकाची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली संगणकासाठी तयार केली व २०२१ च्या सुमारास ती लोकांपुढे आणली. तिच्यात व्हायरसचे मूळ फर्मवेअर घातले की ते फर्मवेअर आपण व्हायरसमध्येच आहोत असे समजून चालू लागते आणि संगणकातून व्हायरसचा नाद निघतो. प्रॉफेट-६०० मध्ये देह टिकला आणि आज्ञावली बदलली; व्हायरसमध्ये आज्ञावली टिकली आणि देह बदलला. 'वाद्य' या संज्ञेचा आशय या दोन उदाहरणांत सारखा राहत नाही. पहिल्यात तो मंडलांना चिकटून आहे, दुसऱ्यात संहितेला.

नक्कल करणारी आज्ञावली खुली असली तरी व्हायरसचे फर्मवेअर हे मूळ कंपनीच्या मालकीचे आहे. त्यामुळे ते या प्रकल्पाबरोबर दिले जात नाही, वापरकर्त्याने स्वतः मिळवावे लागते. जतनाचा तांत्रिक प्रश्न सुटला तरी कायद्याचा प्रश्न शिल्लक राहतो, तो असा.

८. श्रुती आणि फर्मवेअर

नव्या वैशिष्ट्यांपैकी भारतीय संगीताच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचे वाटावे असे वैशिष्ट्य म्हणजे स्वरांतरे बदलण्याची सोय. कळपट्टीच्या वाद्यांत सप्तकाचे बारा समान भाग करण्याची पद्धत रूढ आहे आणि ती आपल्या स्वरव्यवस्थेशी पूर्णतः जुळत नाही, ही तक्रार जुनी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने प्रयोग करून बावीस श्रुतींविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये पुण्यात प्रसिद्ध केला. देवल आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी आपल्या सिद्धान्तानुसार श्रुतिहार्मोनियम तयार करविले. ते लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्यात बनले. १९१६ च्या बडोदा येथील संगीत परिषदेत त्यावर वादविवादही झाला. स्वरांतरांविषयीचे मत बदलायचे तर नव्या पट्ट्या घासून नवे वाद्य घडवावे लागे, हे येथे ध्यानात घ्यावयाचे.

मिडीत स्वरांतरे कळविण्याचे मानक १९९२ मध्ये स्वीकारले गेले. त्यानंतर हा बदल केवळ एका कोष्टकाचा झाला. पॅरिस येथे एमिली जिए यांनी चालविलेल्या म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्सने २०१० मध्ये आणलेल्या सिंथेसायझरचे नावच 'श्रुती-१' होते. आठ-बिटी सूक्ष्मनियंत्रकावर चालणाऱ्या या छोट्या वाद्याच्या फर्मवेअरमध्ये भैरव, मारवा, पूर्वी, यमन, दरबारी, बागेश्री अशा रागांच्या नावांनी स्वरांतरांची कोष्टके दिलेली होती. रविशंकर यांनी रचलेल्या परमेश्वरी, कामेश्वरी यांसारख्या रागांची नावेही त्या यादीत आढळतात.

या सोयीचे मूल्यमापन सावधपणे केले पाहिजे. राग म्हणजे स्वरांतरांचे कोष्टक नव्हे. चलन, मींड, न्यास, स्वरांचे परस्परसापेक्ष लगाव यांना बारा आकड्यांत स्थान नसते. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार एका ठरावीक आकड्यावर बसविता येत नाही. तरीही देवल-क्लेमेंट्स यांना लंडनहून वाद्य घडवून आणावे लागले, तेथे आज एखाद्या संगीत विभागातील विद्यार्थी स्वतःचे कोष्टक लिहून त्याच दिवशी ते ऐकू शकतो. मत चुकले तर ते पुसून दुसरे लिहिता येते. श्रुतिविषयक वादांत प्रयोगाला जी जागा फार थोडी होती, ती अशा रीतीने वाढली आहे.

हे शक्य होण्याचे एक कारण म्हणजे म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्सने आपल्या वाद्यांची संहिता आणि मंडलांचे आराखडे खुले ठेवले होते. २०२२ मध्ये ही कंपनी बंद झाली. परंतु तिची वाद्ये आणि त्यांची सुधारित रूपे इतरांकडून बनविली जातच राहिली. मोठ्या कंपन्यांपैकी कोर्गने या दिशेने मर्यादित पाऊल टाकले. २०१८ च्या प्रोलॉग या वाद्यात वापरकर्त्याने स्वतः लिहिलेले ऑसिलेटर व परिणाम घालण्याची सोय कंपनीने दिली. मूळ फर्मवेअर मात्र आपल्याकडेच ठेवले.

९. मालकी, कायदा आणि जतन

वरील उदाहरणांवरून मालकीचा प्रश्न दोन स्तरांवर उभा राहतो. वाद्याचा देह ग्राहकाचा असतो. आज्ञावली त्याला परवान्याने मिळते. भारतीय स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये १९९४ व १९९९ च्या दुरुस्त्यांनी संगणकीय आज्ञावलीसंबंधी काही अपवाद घातले आहेत. कायदेशीर धारकाला संरक्षणासाठी राखीव प्रत करणे, इतर आज्ञावलींशी मेळ साधण्यासाठी आवश्यक माहिती अन्य मार्गाने सहज उपलब्ध नसल्यास ती मिळविणे आणि आज्ञावलीचे कार्य निरीक्षणाने अभ्यासणे यांना त्यात वाव आहे. महाविद्यालयांच्या संगीत विभागांनी व संग्रहालयांनी आपल्या ताब्यातील वाद्यांच्या फर्मवेअरची राखीव प्रत करताना या तरतुदींचा अभ्यास करावयास हवा.

जतनाच्या दृष्टीने अडचण अशी की नवी आवृत्ती जुनीला पुसून तिच्या जागी बसते. अनेक निर्माते संकेतस्थळावर केवळ अखेरची आवृत्ती ठेवतात. कंपनी बंद पडली की तीही जाते. नव्या आवृत्तीत एखादा दोष दुरुस्त झाल्याने जुन्या नादाचे स्वरूप किंचित पालटू शकते आणि त्या दोषावरच बेतलेली एखादी रचना पूर्ववत वाजत नाही. म्हणून वाद्यसंग्रहाच्या नोंदवहीत निर्माता, नमुना आणि अनुक्रमांक यांच्या जोडीला फर्मवेअरचा आवृत्तिक्रमांक, तो कोणत्या दिवशी बसविला ती तारीख, मूळ चिप जपली आहे किंवा नाही आणि स्थापनेची संचिका कोठे ठेवली आहे, एवढे रकाने तरी असावेत. ध्वनिमुद्रणाच्या नोंदीतही वाद्याच्या नावापुढे आवृत्तिक्रमांक लिहिण्याची प्रथा पडावी. हे काम खर्चाचे नाही; परंतु वेळेवर न केल्यास नंतर करता येत नाही.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) १९७८ नंतर सिंथेसायझरच्या वर्तनाचा वाढता भाग आज्ञावलीत गेला. ईप्रॉम, फ्लॉपी व फ्लॅश या क्रमाने तिच्यात बदल करणे सोपे होत गेले. मात्र बदलाचा दृश्य पुरावा त्याच क्रमाने पुसट झाला.

२) नव्या वैशिष्ट्यांनी वाद्याचे मोल खरेदीनंतरही वाढू शकते, हे व्हायरसच्या उदाहरणावरून दिसते. परंतु ही वाढ निर्मात्याच्या आस्थेपुरतीच टिकते.

३) निर्मात्यानंतर वाद्य जिवंत राहते ते त्याची अंतर्रचना इतरांना समजू शकल्यामुळे. प्रॉफेट-६०० मध्ये खोबणीत बसविलेला व सर्वपरिचित प्रक्रियक आणि श्रुती-१ मध्ये खुली संहिता ही त्याची कारणे होत.

४) स्वरांतरांच्या बदलत्या कोष्टकांमुळे श्रुतिविषयक अभ्यासाला प्रयोगाचे स्वस्त साधन मिळाले आहे. रागस्वरूपाची जागा ते घेऊ शकत नाही.

५) अशा वाद्यांच्या इतिहासलेखनात आवृत्ती हे स्वतंत्र साधन मानावे लागेल. हस्तलिखितांच्या पाठभेदांची नोंद करण्याची शिस्त आपल्या विद्यापरंपरेत आहे. तीच वाद्यांच्या नोंदींत आणणे आवश्यक आहे.

आपल्या महाविद्यालयांच्या संगीत विभागांत आणि ध्वनिमुद्रणकक्षांत १९९० नंतर घेतलेली कळवाद्ये आज जुनी होऊन कपाटांत पडलेली असतील. त्यांतील कित्येकांच्या निर्मात्यांनी त्यांना आधार देणे थांबविले आहे. ती मोडीत काढण्यापूर्वी एकदा सुरू करून पडद्यावरचा आवृत्तिक्रमांक टिपून घ्यावा आणि शक्य असल्यास आतील आज्ञावलीची प्रत जपावी. त्या काळातील ध्वनिमुद्रणांचा अभ्यास करणाऱ्यास पुढे या नोंदीचा निश्चित उपयोग होईल.